चंदाच्या बोटावरचा शेक

शिमग्याच्या आधी धाऊचा डावा हात लकव्याने गेला, जीभ मात्र शाबूत राहिली, आणि हे किन्हवलीजवळच्या त्या पाड्याचं दुर्दैवच म्हणायचं, कारण सत्तर वर्षं सगळ्यांच्या खोड्या काढणाऱ्या ह्या म्हाताऱ्याला आता ओट्यावर बसून तेवढा एकच उद्योग उरला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगे, "हात मेला नाय रे, सासरी गेलाय. आवणीला येईल परत." पण एकटा असला की उजव्या हाताने डाव्याला चिमटे काढून बघायचा. डाव्या हातात भाताच्या रोपांची मूठ नसली, तर उजवा हात चिखलात लावणार काय? बांधावर बसून दुसऱ्यांची आवणी बघण्यापेक्षा मेलेलं बरं, हे त्याने बायकोला, चंदाला, एकदाच न हसता सांगितलं होतं.

म्हणून दवाखान्याच्या गोळ्यांच्या जोडीला चिनी शेक सुरू झाला. आसनगावहून हर्षाली नावाची पोर आठवड्यातून दोनदा यायची आणि कसल्याशा वाळक्या पाल्याची अंगठ्याएवढी जाड विडी पेटवून ती आधी टाळूवर, मग मेल्या हातावर, कातडीला न टेकवता धरायची. ऊब मिळाली की मेंदूत जे वाचलंय ते टिकतं, असं तिचं म्हणणं.

"आमचा भगत विळा तापवून डाग तरी देतो," धाऊ म्हणाला. "तू नुसता धाक दाखवतेस गो."

पहिल्या दिवशी तर विडी पेटायच्या आधीच तो "मेलो, मेलो!" असा बोंबलला, की हर्षालीच्या हातून काडेपेटी पडली. अशाच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? हाताला तसंही काही कळत नव्हतंच. मग ठरलं, चंदाने आपलं डावं बोट शेकाच्या जागेला खेटून ठेवायचं, आणि तिला चटका बसला की तिनेच "बस" म्हणायचं.

तीन आठवडे चंदा "बस" म्हणत राहिली. चौथ्यात एकदा, डोळे मिटून पडलेला धाऊ तिच्या आधी म्हणाला, "बस."

"झाली थट्टा सुरू," चंदा म्हणाली, पण बोट तिने त्याच क्षणी ओढून घेतलं होतं.

मग गंमतच गंमत. ओट्यावर बसल्या जागेवरून धाऊ आत ओरडायचा, "मिरची वाटतेस ना? डाव्या बोटाला झोंबली बघ!" नाहीतर, "तांदूळ धुतेस. पाणी गार हाय." एकदाही चुकायचा नाही. शेजारचा नामा ह्या पैजेत कोंबडा हरला. चंदा हसून हसून बेजार, "अवो, बघता तरी कुठनं?" धाऊ मिशीत हसायचा. झोंबत त्याच्या हाताला होतं, हे सांगितलं असतं तरी कोणी मानलं नसतं.

एका सकाळी मात्र तो किंचाळला आणि धडपडत आत गेला. चंदा डाव्या हाताने तापलेला तवा चुलीवरून उतरवत होती, फडक्याशिवाय, काहीतरी गुणगुणत.

"काय झालं?" तिनेच विचारलं. मग तळव्यावरचे फोड बघून हसली. "कामाने हात निबर झाले वो आता."

धाऊने आपला डावा तळवा उलटून पाहिला; फोड एकही नव्हता, आग मात्र होत होती.

आवणी आठ दिवसांवर आली तेव्हा हर्षालीने पुन्हा विडी धरली. आधी ऊब, मग चटका, मग सरळ आग. धाऊने दात आवळले. चंदाचं बोट तिथेच होतं आणि ती अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होती.

"आजी, लागतंय?"

"नाय गो. आण अजून जवळ."

"आजोबा, तुम्हाला?"

एकदा "बस" म्हटलं असतं, तर सगळं सांगावं लागलं असतं. शेक थांबला असता, आणि हातही असाच मेलेला राहिला असता. धाऊच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने चंदाकडे पाहिलं, मग हसला.

"नाय," तो म्हणाला.

आणि त्याची डावी बोटं हलली, एकेक करत आत वळली, मूठ झाली, सुटली, पुन्हा झाली.

"आजोबा! आला हात, आला!" हर्षाली जागच्या जागी नाचायला लागली. चंदाला तर इतका आनंद झाला, की ती टाळ्या वाजवायला गेली.

एकच हात वर आला.