चांदबीच्या अम्माचं नाव

चांदबीला मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला जायचं होतं, आणि त्यातला एक उमरा आपल्या अम्माच्या नावाने करायचा होता. अडचण एवढीच की अम्माचं नाव तिला ठाऊक नव्हतं. तिला जन्म देऊन अम्मा गेली. बापाने, नबीसाबने, दुसरं लग्न केलं, आजोळाशी बिनसलं, जाणंयेणं तुटलं. पुढे घरात त्या बाईचा विषय निघालाच तर तिला ‘पहिली’ म्हणत. आता नबीसाबही नव्हता आणि सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“अल्लाला नाव कशाला सांगायला पाहिजे? त्याला सगळं कळतं,” धाकटा लेक ताबीश आईला म्हणाला.

“त्याला कळतंय रे. मला न्हाय की कळत,” चांदबी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

तिची थोरली लेक झीनत हे ऐकत होती. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवून तिने संसार केला होता आणि एकदा हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. चांदबी निघायच्या आत नाव शोधायचं, असं तिने ठरवून टाकलं.

आधी ती जनगणनेच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि जनगणनेत माणसं मोजतात, घराघरातली नावं कुणाला दाखवत नाहीत, असं गोड बोलून तिला वाटेला लावलं. मग ती नबीसाबच्या जमातीच्या कबरस्तानात गेली. तिथल्या जुन्या वहीत पुरुषांची नावं ठसठशीत होती. बायका मात्र अमक्याची बायको, तमक्याची आई. एवढ्या बायका मातीत गेल्या आणि एकीलाही स्वतःचं नाव नसावं? झीनतचं डोकं तापलं. बरं, त्या सालात ‘नबीसाबची बायको’ अशीही नोंद नव्हती.

“आपा, सोड आता,” ताबीश म्हणाला.

“तू सोड. मी न्हाय सोडत.”

दोनच दिवसांनी शेजारची रुपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि सैल गाऊन शिवून घ्यायला झीनतकडे आली. तिचं माप घेता घेता झीनतचा हात थांबला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्यात काय, हिंदूंत काय, सगळीकडे सारखंच. आणि आपण त्या बाईला सासरच्या कबरस्तानात शोधत बसलोय. पासपोर्टवर अम्माचं जन्मगाव सोलापूर लिहिलंय ते राहतं घर सोलापुरात म्हणून. खरं-खोटं विचारलंय कुणी?

“अम्मा, तुझे मामा कुठले गं?”

“अकलूजचे नदाफ. गाद्या भरायचे म्हनं. बाकी मला कुटं काय ठावं.”

दुसऱ्या दिवशी झीनतने अकलूजची एसटी पकडली. तिथल्या नदाफ जमातीचं काम बघणाऱ्या गुफरानने मशिदीच्या कपाटातून जुनी वही काढून दिली. वही उर्दूत होती, पण झीनतही उर्दू शाळेत शिकलेली. शोधायचं कुठे हेही तिला माहीत होतं. चांदबी ईदच्या आदल्या रात्री, रमजानच्या चांदरातीला जन्मली, म्हणून तर ती चांदबी. साल सापडलं, आणि ईदच्याच दिवसाची एक नोंद सापडली. राहतबी. हुसेनसाब नदाफची लेक. उमर सतरा. बाळंतपणात.

“सासरचं नावच न्हाय लिवलेलं,” गुफरान म्हणाला.

“हितं ती कुणाची बायको नव्हती की. लेक होती,” झीनत म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. गाव ईदगाहवरून गळाभेटी घेत परतत असताना त्या हुसेनसाबने आपली पोर मातीत ठेवली असेल. कबर नेमकी कुठली ते आता कळणार नव्हतं. त्या बाजूची जमीन मागाहून कितीदा तरी उकरली होती, असं गुफरानने सांगितलं.

संध्याकाळी घरी येऊन तिने चप्पलही काढली नाही.

“राहतबी,” ती म्हणाली. “तुझ्या अम्माचं नाव राहतबी.”

चांदबीने ते नाव आधी नुसत्या ओठांनी म्हटलं, मग आवाज काढून म्हटलं. हसली. ताबीशला हाक मारून त्यालाही म्हणायला लावलं. मग तिने विचारलं, “उमर किती हुती?”

“सतरा.”

चांदबीचं हसू गेलं. आत झीनतची बारावीतली पोरगी मोबाईलवर मैत्रिणीशी खिदळत होती. चांदबी कितीतरी वेळ तिकडे बघत राहिली.

“दर ईदला मी रुसायचे तिच्यावर,” ती म्हणाली. “समद्यांच्या अम्मा हायत, माझीच मला टाकून गेली म्हनून. लेकरू हुती की गं. जलमभर मी एका लेकरावर रुसून बसले.”

झीनतने तिचा हात धरला. चांदबीने पदराने डोळे पुसले.

“तितं गेल्यावर तिची अम्मा हुऊन दुआ मागते आता तिच्यासाटी,” ती म्हणाली.