उलटा पीळ

न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या सहकारी मुलीने काळी पडलेली तार चिमट्याने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि खुर्ची मागे सरकवली.

"सर, जरा बघता? मुलाच्या सिगारेटने आग लागली, हा पोलिसांचा तर्क काही टिकत नाही."

तो वाकला. तारेच्या टोकाला तांब्याचा गोल, गुळगुळीत मणी होता आणि त्याच्या लगतची तार जशीच्या तशी होती. नुसत्या धगीने वितळलेली तार लांबवर ओघळते, खडबडीत होते. हा मणी ठिणगीचा होता.

"फोटोंतही सगळ्यात खोल जळालंय ते इथेच, या सांध्यापाशी," ती म्हणाली. "सांधा घरीच जोडलेला दिसतोय. आणि पीळ बघा, उलटा. डावखुरा असणार गडी." ती हसली. "म्हातारीच्या खोलीतला हीटर होता. मुलगा बिचारा स्वतःलाच दोष देत बसलाय."

त्याच्या डाव्या हातात पेन होतं. ते त्याने हळूच टेबलावर ठेवलं आणि हात खिशात घातला.

पार्सलवर नुसता क्रमांक असे. हे ताईच्या घरचं सामान आहे, हे त्याला आत्ता कळत होतं. थंडीच्या तोंडावर तिच्या सासूबाईंच्या हीटरची वायर तुटली, तेव्हा भावोजी नवा हीटर आणायला निघाले होते. "नवा कशाला? मी चुटकीसरशी जोडून देतो," म्हणत त्यानेच बाह्या सरसावल्या होत्या. आणि सासूबाईंना पोचवून आल्यावर, भरल्या घरात, भावोजींवर तुटून पडला होता तोही तोच.

"सख्ख्या आईचा जीव घेतलात तुम्ही!"

भावोजींनी मान वर केली नव्हती. ताईने त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं.

"हे प्रकरण माझ्या नात्यातलं निघालं," तो म्हणाला. "यात मी नको. तुला दिसलं तसं लिही. पिळाचंही लिही."

तिची नजर त्याच्या खिशाकडे गेली. तिने अहवालाचा कागद पुढे ओढला.

संध्याकाळी तो ताईच्या भाड्याच्या घरी गेला. भावोजी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून आईची धुरकटलेली खुर्ची पॉलिश पेपरने घासत होते. आतलं दार लोटलेलं होतं.

"भावोजी, सिगारेटने नाही लागली आग. वायरने लागली. मी जोडलेल्या."

भावोजींचा हात थांबला नाही.

"ठाऊक आहे."

"म्हणजे?"

"आईच्या खोलीचं दार मीच उघडलं ना. पलंग शाबूत होता, भिंतीपाशी वायर पेटलेली. त्या दिवशी सिगारेटला हातसुद्धा लावला नव्हता मी."

"मग पोलिसांना तसं का सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, सिगारेट ओढता का. म्हटलं, हो." त्यांनी खुर्चीच्या पायावरची भुकटी फुंकली. "आई तर गेलीच होती. हिला माहेरचं म्हणून तू एकटा. माझ्यावर रुसली, तरी घरात आहे. तुझं कळलं असतं, तर कुठे गेली असती?"

तो त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला.

"आणि मी तुम्हाला चारचौघांत काय काय बोललो..."

"बोललास खरा." भावोजी पेपरची घडी उलटवत राहिले. "ते मात्र लागलं रे."

आतलं दार उघडलं. ताई पदराला हात पुसत आली.

"कधी आलास? इथे काय बसलायस, आत ये."

"तूच बाहेर ये, ताई. सांगायचंय तुला."

भावोजींनी त्याच्याकडे बघून मान हलवली. नको. त्याने ते पाहिलं, तरी तो जागचा उठला नाही. त्याने सांगायला तोंड उघडलं. आधी डोळेच भरून आले.

ताई दारातच थबकली. तिने भावाकडे पाहिलं, मग खाली मान घालून बसलेल्या नवऱ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "काय झालंय?"