ऑर्लिनचा शब्द

आयोवातल्या त्या गावच्या सभेत मक्याच्या शेतकऱ्यांच्या वतीनं ऑर्लिन हॉगस्टाड तावातावानं उठला. "मोनार्क फुलपाखरं कमी झालीत, मान्य. पण म्हणून थेट कायदा? आम्ही काय त्यांचे वैरी आहोत? माझ्या बांधावरचं रुईच्या जातीचं एकही दुधाळ झाड मी आजवर तोडलेलं नाही. शेतकऱ्यावर विश्वास ठेवा की जरा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ऑर्लिनचे कान मात्र तापले. कायदा झाला की त्या झाडांना हात लावता यायचा नाही, म्हणून बेट्यानं आज सकाळीच यंत्र फिरवून सगळा बांध भुईसपाट केला होता. फुलपाखरं त्याच झाडांवर अंडी घालतात, हे त्याला शाळेत टाइगेनबाईंनी शिकवलं होतं.

कायद्यासाठी अर्ज केलेल्या त्याच टाइगेनबाई आता काठी टेकत उभ्या राहिल्या.

"हा पोरगा माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही," त्या म्हणाल्या. "मी माझा अर्ज मागे घेते."

मग त्याच्याकडे वळून हसल्या. "उद्या सकाळी येते रे तुझ्या बांधावर. अंडी मोजू, तुझ्या लहानपणी मोजायचो तशी."

ऑर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या, बाई," तो म्हणाला.