उभं राहायला जागा

बाबांना ऐकू येत नसे म्हणजे अजिबात नसे. उभा जन्म छापखान्याच्या खडखडाटात गेला, कानांनी कधीच राजीनामा दिला होता. कानाला यंत्र लावायचा विषय काढला की म्हणत, "लोकांचं ऐकून कुणाचं भलं झालंय?" ओळखीच्या माणसांच्या ओठांवरून मात्र सगळं बरोब्बर ओळखत. त्यातही लेकीचे ओठ त्यांना तोंडपाठ.

लेक आर्किटेक्ट. मोठ्या इस्पितळाचा तातडीचा विभाग तिनंच आखलेला. आणि डोळे मिटून नाही हं. रिकाम्या गोदामात पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या करून डॉक्टर-नर्सना तिनं तिथं खोटंखोटं काम करायला लावलं. कुणाचं कोपर कशाला लागतं, ट्रॉली कुठे अडते, सगळं पाहिलं. खाटेवर पेशंट म्हणून रबरी पुतळा होता. नातेवाइकांची लुडबुड नको म्हणून तिनं खाटेशेजारची खुर्ची काढली, दार दुधी काचेचं केलं. सगळ्यांनी वाहवा केली. पुतळ्याची तक्रार असण्याचं कारणच नव्हतं.

मग एका दुपारी बाबांना धाप लागली आणि ती त्यांना घेऊन त्याच दारातून आत शिरली. शिरली कसली, बाबांची खाट आत गेली आणि ती दाराशीच अडली.

"मला आत येऊ द्या. त्यांना ऐकू येत नाही, आणि तुम्ही सगळे मास्क लावून आहात."

"कळतंय, ताई," नर्स म्हणाली. "पण तुम्ही उभ्या राहणार कुठे? एकीकडे यंत्र, दुसरीकडे आम्ही."

हा विभाग मीच केलाय, असं सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. नर्सचं खरं होतं. तिनं तिथं वीतभरही जागा ठेवली नव्हती. घोडचूक झाली होती, तिथल्या तिथे कळली, पण कळून उपयोग काय? चिठ्ठी पाठवावी, तर घाईत त्यांचा वाचायचा चष्मा घरीच राहिलेला. काचेपलीकडे सावल्या हलत होत्या आणि बाबांचा तो मोठा, बहिऱ्या माणसाचा आवाज येत होता, "माझी मुलगी कुठाय? गेली का ती?"

"इथेच आहे, बाबा," ती काचेला तोंड लावून सांगत राहिली. त्याचा उपयोग नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

हळूहळू आवाज थांबला. बऱ्याच वेळानं नर्स बाहेर आली.

"तुम्ही आहात म्हणून मी मान डोलावून सांगत होते हो त्यांना. पण शेवटपर्यंत विचारत होते." आत यंत्र बाजूला सारल्याचा आवाज झाला. "या. आता जागा झालीय."

ती खाटेला टेकून उभी राहिली. बाबांच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून, ओठ नीट दिसतील असं, सावकाश म्हणाली, "बाबा, मी दारातच होते."