हिरडीखालचे हाड

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे. अलिबागजवळच्या थळ गावातल्या आवडाबाईच्या खालच्या जबड्यात, उजव्या बाजूला, मी एक्कावन्न वर्षे उभी आहे. दात सगळ्यांना दिसतात, पण ज्या हाडात ते रोवलेले असतात ते कोणाला दिसत नाही. माझी गोष्ट खरे तर त्या हाडाचीच आहे.

मी आले तेव्हा आवडा सहा वर्षांची होती. दुधाच्या दातांच्या मागे मी गुपचूप उगवले आणि लगेच कामाला लागले. तांदळाची भाकरी, सुके बोंबील, चिंबोरीचे टणक नांगे, सारे मी फोडले, चावले. लग्नानंतर ती मासळी विकू लागली. ती हसली की गिऱ्हाइके म्हणत, "आवडाबाय, दात हायेत का मोती?" मी मागच्या रांगेतली, तरी मलाही तेव्हा बरे वाटे.

पहिल्या बाळंतपणानंतर शेजारच्या येसूबाईने तिला मिश्री लावायला शिकवले. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू बोटाने हिरड्यांवर घासायची. त्याने दात स्वच्छ होतात, अशी तिची समजूत. प्रत्यक्षात हिरडी बधिर व्हायची आणि आत काय चालले आहे ते कळायचे नाही. माझ्या मुळाशी कीटण साचले. हिरडी सुजून माझ्यापासून सुटली. थुंकीत रक्त दिसले तर आवडाबाई चूळ भरून मोकळी होई. एक दिवस माझी शेजारीण भाकरीच्या घासाबरोबर बाहेर आली. कीड नाही की खड्डा नाही, अख्खी दाढ. आवडाबाईने ती तळहातावर धरून पाहिली आणि म्हणाली, "वय झाला." तेव्हा तिला पन्नासावेही लागले नव्हते.

गेल्या वर्षी ती बंदराच्या ओल्या पायरीवर घसरली. बसल्यासारखीच पडली, पण टेकलेला उजवा हात मनगटात मोडला. सून पूनम तिला अलिबागला घेऊन गेली. हाडांच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातले आणि रक्तही तपासले. हाड झिजते तेव्हा त्याचे अतिबारीक अंश रक्तात उतरतात. ते मोजले की झीज किती वेगाने चालली आहे याचा अंदाज येतो. आवडाबाईचा आकडा बराच वर होता. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "हाडांचं मोठं औषध सुरू करण्याआधी तोंड तपासून या. ते चालू असताना दात काढावा लागला, तर जबड्याची जखम कधी कधी भरत नाही."

दातांच्या डॉक्टर मृणाली तरुण होत्या. खुर्चीत बसताच आवडाबाई म्हणाली, "बाई, सगलं दात काढून टाका. कवली बसवा. रोजची कटकट नको."

मित्रांनो, एवढी मी कधीच घाबरले नव्हते.

मृणालीताईंनी मला बोटाने दाबून पाहिले. मी हलले. मग त्यांनी एक्स-रे दाखवला. "मावशी, या दाढेभोवतीचं अर्धं हाड गेलंय. अर्धं अजून आहे."

"मंग ठेवून काय करू?"

"काढली तर तिथलं हाड आणखी खचेल. आणि हिरडीतली सूज नुसती तोंडात राहत नाही, तिचा त्रास रक्तातून अंगभर पोचतो. तुमची हाडं आधीच कमजोर. आधी हिरडी बरी करू, मग रक्त पुन्हा तपासू. मी खात्री देत नाही, पण करून बघू."

"आनि मिश्री?"

"ती सोडावी लागेल."

"पस्तीस वर्सं लावतंय मी," आवडाबाई हळूच म्हणाली.

चार वेळा तिला जावे लागले. हिरडीखाली हत्यार घालून माझ्या मुळावरचे दगडासारखे कीटण खरवडून काढले. खरे कठीण दिवस त्यानंतरचे होते. मिश्रीवाचून तिचे डोके दुखे, जेवण गोड लागेना, ती पूनमवर उगाच डाफरे. त्यात उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्या हाताने ब्रश धड फिरेना. एका सकाळी पूनमने तो तिच्या हातून घेतला.

"सुनेनं तोंडात हात घालायचा? मना लाज वाटते."

"तुम्ही माझ्या पोरांची तोंडं धुतलीत ना, आई? मंग उघडा."

आवडाबाईने तोंड उघडले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, ते पूनमने पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. प्लॅस्टर निघेपर्यंत दोन्ही वेळा ती ब्रश करून देत राहिली.

सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले. झिजेचा आकडा चांगलाच खाली आला होता. हिरडी गुलाबी होऊन मला घट्ट धरू लागली होती. मृणालीताई खरे तेच बोलल्या. "हिरडीमुळे किती उतरला, गोळ्यांमुळे किती, मिश्री सुटल्यामुळे किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. गेलेलं हाड तर परत यायचं नाही. पण झीज मंदावली आहे. मोठ्या औषधाचं आता हाडांचे डॉक्टर ठरवतील."

"दाढ ऱ्हाईल ना?"

"सांभाळलीत तर राहील."

परवा वाळवणाच्या दांडीवर बोंबील टांगताना तिची मैत्रीण शकू थुंकली. थुंकी लाल होती.

"शकू, तोंड उघड," आवडाबाई म्हणाली.

"तू कवा डाक्तरीन झालीस?" शकू हसली.

आवडाबाई हसली नाही. तिने हातातले बोंबील खाली ठेवले आणि स्वतःचे तोंड उघडून, ओठ बोटाने बाजूला सारून, माझ्या शेजारची रिकामी जागा तिला दाखवली. "ही अशीच गेली. दुखली पन न्हाय. उद्या सकालच्या एसटीनं माज्यासंगं चल." शकूने होकारार्थी मान हलवली.

मित्रांनो, मी अजूनही थोडी हलते, पण रोज काम करते. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या हिरडीतून रक्त येत असेल, तर चूळ भरून विसरू नका, वेळेवर दाखवा. दुखेपर्यंत थांबू नका. आम्ही दाढा फार उशिरा ओरडतो.