गोळ्यांचं बाळसं

ताजिकिस्तानातल्या इस्फाऱ्याजवळच्या त्या गावात जर्दाळू वाळत घालायचे दिवस होते. दुपारी सवरीने जेवणाचं दस्तरखान अंथरलं आणि पुलावाचं ताट मधोमध ठेवलं. तिच्या सासूने, म्हणजे घरादाराच्या बीबींनी, नेहमीसारखे मांसाचे तुकडे वेचून दोन्ही नातवांपुढे सारले. पंधरा वर्षांच्या शहलोने कडेचा भात आणि चहात बुडवलेली नान खाल्ली. लहानपणापासून ती तेच खात आली होती. अंगाने काटकुळी, तरी वर्षभरात उंचीने आईच्या कानापर्यंत पोचली होती.

त्याच संध्याकाळी स्थळाकडच्या बायका तिला बघून गेल्या. निघताना त्यांतली थोरली म्हणाली, "मुलगी गुणाची आहे हो. पण अंगावर मूठभर मांस नाही. उद्या लोक म्हणायचे, आम्हीच उपाशी ठेवतो."

बीबींना ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं आणली.

"कसल्या आहेत, बीबी?" सवरीने विचारलं.

"अंग भरायच्या. विकणारीच्या तीन भाच्या यांच्यावरच गुबगुबीत झाल्या."

"त्यापेक्षा तिला रोज थोडं दूध, मांसाचा एखादा तुकडा..."

"पोरग्यांनाच पुरत नाही. मला शिकवू नकोस."

सवरीचा नवरा रशियात गवंडीकाम करायचा. तिने त्याला फोन लावला. "आई म्हणते तसं कर," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मग सवरीच रोज सकाळी आपल्या हाताने लेकीला गोळी देऊ लागली.

शहलोचा चेहरा गोल गरगरीत झाला. शेजारणी बीबींची पाठ थोपटू लागल्या. पोरगी मात्र दोन बादल्या पाणी आणलं की पाठ धरून बसायची.

आठ महिन्यांनी शाळेत मुलींची उंची मोजून झाल्यावर मुनिसा नर्स घरी आली. "सवरी आपा, शहलो बोटभरही वाढली नाही. तिला काय देता?"

सवरीने पाकीट दाखवलं. मुनिसाचा चेहरा उतरला.

"या वयात ही गोळी हाडांची वाढच रोखते, आपा. तुम्हाला बाळसं वाटतंय, पण पोर आतून पोखरली जाते आहे. आणि एकदम बंद करू नका, तिच्या शरीराला आता या गोळीचाच आधार आहे. तालुक्याच्या डॉक्टरांकडे न्या, ते हळूहळू कमी करतील."

"डॉक्टरकडे नेलं की गावभर होईल, पोरीला रोग आहे म्हणून," बीबी म्हणाल्या. "आधी सोयरीक होऊ दे."

त्याच आठवड्यात पाहुण्या पुन्हा आल्या, रिवाजाप्रमाणे नान मोडली गेली, सोयरीक पक्की झाली. त्यांची गाडी वळताच बीबींनी उरलेली पाकिटं चुलीत टाकली.

"बीबी, एकदम थांबवायच्या नाहीत. मुनिसा म्हणाली होती..."

"दिल्या तरी वाईट, थांबवल्या तरी वाईट. तुझं नक्की काय ते ठरव."

नव्या गोळ्या आणायला एकटीने बाजारात जायची सवरीला मुभा नव्हती.

पाचव्या दिवशी शहलोला साधा ताप आला. मग उलट्या सुरू झाल्या. "आई, पाय माझे नाहीतच असं वाटतं," ती पुटपुटली. दुपारपर्यंत ती हाकेला ओ देईना. बीबी दुवा म्हणून फुंकर घालत बसल्या. सवरी अनवाणीच शेजाऱ्याची गाडी मागायला धावली. त्या घरात आल्यापासून कुणाला न विचारता केलेली ही तिची पहिली गोष्ट.

शहलो वाचली. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरून दाखवला. पाठीचे दोन मणके चेपले होते.

"आणि उंची?" सवरीने विचारलं.

"बघू," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

महिनाभरात सोयरीक मोडल्याचा निरोप आला. त्यानंतर चारच दिवसांनी गल्लीतली रुखसोरा आपल्या चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन दारात उभी राहिली.

"आपा, त्या गोळ्यांचं नाव काय हो? माझीही नुसती काडी आहे."

सवरीने तिला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. थांबलेली उंची, मणके, दवाखान्यातल्या रात्री. गोळी आपणच हाताने देत होतो, हेही सांगितलं. रुखसोराने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या पोरीला मानवल्या नसतील. नाव तेवढं सांगा."

"नाव नाही सांगणार."

"नका सांगू. बाजारवालीला ठाऊक आहे." लेकीचा हात धरून ती उठली.

सवरीने रुमाल डोक्यावर ओढला आणि त्या दोघींच्या मागे निघाली. बाजार अर्ध्या कोसावर होता. तेवढ्या वाटेत तिने तेच पुन्हा सांगितलं, मग आणखी एकदा सांगितलं. पोरगी अधूनमधून वळून बघत होती. रुखसोरा बघत नव्हती.