आत कोणी उरलंय का

मागच्या बाजूने मधपेटी बोटभर उचलून त्याने वजनाचा अंदाज घेतला. चांगली जड होती. मध भरपूर होता. मग टोपी वर सरकवून त्याने लाकडावर टकटक केली आणि कान लावला. आत काहीच नाही.

"खाणं आहे, पण खाणारं कोणी उरलं नाही," तो पुटपुटला.

शेजारची पेटी मात्र हाताला रिकाम्या खोक्यासारखी लागली होती, आणि तिच्या दाराशी दोन-चार माशा रेंगाळत होत्या. हिवाळा अजून निम्मा बाकी होता. मेलेल्यांचा मध या जिवंत माशांच्या कामी आणावा, म्हणून त्याने जड पेटीचं झाकण उचकटायला पटाशी घातली.

जन्मभर त्याने नळाची कामं केली होती. भिंतीला कान लावून आतली गळती नेमकी सांगायचा. लोक गमतीने त्याला कानसेन म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं.

बायको चहा घेऊन आली. माशांना ती भ्यायची, एरवी लांबूनच हाक मारायची. आज पेला ठेवायला वाकली आणि तशीच थबकली.

"अहो, थांबा! आत गुणगुण चाललीय."

"वारा असेल."

"वारा कुठाय? पान हलत नाहीये." तिने भीतभीत पेटीला कान टेकवला. "चांगल्या घुमताहेत की! एवढ्या थंडीत उघडलीत तर मरतील ना त्या?"

त्याने पुन्हा कान लावला. मग दुसरा. गालाला लाकडाचा गारठा तेवढा लागला. त्याने पटाशी सावकाश काढून घेतली.

हल्ली ती मोठ्यानेच बोलायची. वयाबरोबर हिचा आवाज चढलाय, असं तो समजत आला होता.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"नळ धो धो वाहत होता आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात ना, तेव्हापासून."

"बोलली नाहीस."

"तुम्हीच सांगाल, म्हणून थांबले होते."

मग घरातून साखरेची वडी आणून त्याने हलक्या पेटीच्या झाकणाखाली चटकन सरकवली. पलीकडे अजून चार पेट्या होत्या.

"चल," तो म्हणाला. "मी उचलतो, तू ऐक."

ती पुढच्या पेटीपाशी गुडघे टेकून बसली आणि केस मागे सारून तिने कान लावला. त्याने टकटक केली. टोपी हातात घेऊन तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि तिला नीट ऐकू यावं म्हणून त्याने श्वास रोखून धरला.